वाडग्यापाशी गुरगुरणारं कुत्रं

पिल्लू घरी आलं की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी जाणकार सल्ला देऊन जातं : ते खात असताना वाडग्यात हात घाला, मधेच वाडगं उचला, पुन्हा ठेवा. आत्तापासून सवय लागली म्हणजे मोठं झाल्यावर अंगावर येणार नाही. सांगणारे कधी शेजारचे काका असतात, कधी पिल्लू विकणारा, कधी महिन्याला पैसे मोजून लावलेला ट्रेनर. सांगण्यामागचा हेतू चांगलाच असतो. मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या प्रश्नाचा जो अभ्यास झाला, त्यातलं बरंचसं या सल्ल्याच्या उलट बाजूला पडतं.

खाणं, हाडूक, चेंडू, पळवलेला मोजा, सोफ्याचा एक कोपरा, कधी घरातलं एखादं माणूस. आपल्या ताब्यातली गोष्ट दुसरा घेईल असं वाटलं की कुत्रं ती राखायला लागतं. कुत्र्यांच्या वर्तनावर काम करणारे याला ‘रिसोर्स गार्डिंग’ म्हणतात. फाटकाशी येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकणं हा वेगळा विषय. त्याचं तर आपण कौतुकच करतो. इथे गाठ घरच्यांशी असते. ज्याला आपण रोज दोन वेळा वाढतो त्यानेच आपल्याला दात दाखवावेत, हे माणसाला अपमानासारखं लागतं, आणि पुढचे बहुतेक घोटाळे या अपमानातून होतात.

अपमान वाटावा अशी शिकवणही आपल्याला मिळालेली आहे. स्विस अभ्यासक रुडोल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण करून १९४७ मध्ये एक प्रबंध प्रसिद्ध केला. कळपाचा ‘अल्फा’, त्याच्याखालची उतरंड, सतत चाललेली सत्तेची झटापट हे चित्र तिथून निघालं. डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या ‘द वुल्फ’ या पुस्तकाने ते जगभर पोचवलं आणि कुत्र्यांच्या ट्रेनरांनी ते जसंच्या तसं उचललं : कुत्रं गुरगुरलं म्हणजे ते मालकाची जागा बळकावू पाहतंय, तेव्हा त्याला त्याची पायरी दाखवा. पुढे याच मेक यांनी कॅनडाच्या उत्तरेला एल्समेर बेटावर रानातले लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. ‘अल्फा’ हा शब्द तिथे काही सांगत नाही. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवावं म्हणून ते नंतर प्रकाशकाच्या मागे लागले होते. वाडग्याच्या प्रश्नाला थेट लागू पडणारी एक नोंद त्याच लेखात आहे. प्रत्येक लांडग्याच्या तोंडाभोवती मालकीचं एक वर्तुळ असतं; मागणारा कितीही वरचढ असो, ज्याच्या तोंडात घास आहे तो लांडगा तो राखायचा प्रयत्न करतोच. म्हणजे घास राखणं हे लांडग्यातसुद्धा वरच्या पायरीचं लक्षण नाही. तळातलाही तेच करतो.

‘पायरी दाखवण्या’ची किंमतही मोजली गेली आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मेगन हेरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली, ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तोंडातली वस्तू जबरदस्तीने काढून घेणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांवर कुत्रं उलटलं होतं. मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्यांपैकी ४३ टक्क्यांवर, उताणं पाडून दाबून धरणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांवर. ही कुत्री मुळातच तक्रारीची होती, त्यामुळे हे आकडे सरसकट प्रत्येक घराला लावता येणार नाहीत. पण ज्या कुत्र्यांवर हे उपाय करायचा मोह होतो, ती नेमकी अशीच असतात.

हे सगळं कसं घडतं ते एका चित्रफितीत क्रमाने दिसतं. ‘डॉग व्हिस्परर’ या कार्यक्रमामुळे प्रसिद्ध झालेले सीझर मिलान २०१२ च्या एका भागात होली नावाच्या लॅब्रॅडॉर कुत्रीच्या वाडग्याशी उभे राहतात. ती आधी थिजते, मग गुरगुरते, दात दाखवते. ते तिच्या मानेशी हाताने टोचा मारतात, तिला मागे रेटत नेतात. ती ओठ चाटते, नजर वळवते, खाली बसते. ती शांत झाली असं समजून ते हात पुढे करतात आणि ती हात कडकडून चावते. पाहणाऱ्याला हल्ला अचानक झाल्यासारखा वाटतो. आवाज बंद करून पुन्हा पाहिलं तर त्याआधी तिने कितीतरी वेळा ‘लांब व्हा’ म्हटलेलं दिसतं.

ब्रिटिश पशुवैद्य केंडल शेफर्ड यांनी या खुणांची एक शिडी मांडली आहे. जांभई, नाक चाटणं, मान वळवणं या खालच्या पायऱ्या, मधे अंग चोरणं, थिजणं, मग टक लावून पाहणं, गुरगुरणं, हवेत तोंड मारणं, शेवटी चावा. वाडग्यापाशी या शिडीला आणखी काही खुणा जोडल्या जातात : माणूस जवळ आला की खाण्याचा वेग वाढणं, मान वाडग्यात आणखी खोल जाणं, अंग आडवं घालून वाडगं झाकणं, डोकं न हलवता फक्त डोळे फिरवल्याने डोळ्याचा पांढरा भाग दिसणं. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात जॅकलिन जेकब्स आणि ली नील यांच्या गटाने कुत्र्यांच्या चित्रफिती मालकांना दाखवून त्यातलं काय ओळखता येतं ते तपासलं. गुरगुरणं, चावणं लोक नीट ओळखत होते. भराभरा गिळणं आणि वस्तू घेऊन तोंड फिरवणं यांकडे त्यांचं दुर्लक्ष होत होतं. आपल्याकडेही ‘बघा कसा हावरटासारखा खातोय’ म्हणून हसण्यावारी नेलेलं खाणं पुष्कळदा हेच असतं.

मग गुरगुरल्याबद्दल रागवायचं नाही का? माझ्या मते नाही, आणि इथे अभ्यासकांमध्ये फारसे मतभेदही नाहीत. रागावल्याने गुरगुर थांबू शकते, पण वाडगं जाईल ही धास्ती तशीच राहते. मग कुत्रं शिडीच्या मधल्या पायऱ्या गाळायला शिकतं. ‘काही न सांगता चावला’ अशी तक्रार येणाऱ्या कुत्र्यांची कहाणी खोदून विचारली तर त्यांना कधीतरी गुरगुरल्याबद्दल मार बसलेला असतो, असा वर्तनतज्ज्ञांचा वारंवारचा अनुभव आहे.

काही कुत्री राखतात, काही आयुष्यभर राखत नाहीत. असं का, याचं एकच उत्तर नाही. ग्वेल्फच्याच गटाने २०१८ मध्ये मालकांची मोठी पाहणी प्रसिद्ध केली. त्यात जेवणाच्या वेळी वाडगं काढून घेण्याची सवय असलेल्या घरांत राखण्याचं प्रमाण आणि तीव्रता जास्त आढळली. खात असताना वाडग्यात चविष्ट तुकडे टाकणाऱ्या घरांत ती कमी होती. घाबरट आणि उतावळ्या कुत्र्यांत ती जास्त दिसली. पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. कुत्रं आधीपासून गुरगुरतं म्हणूनही कुणी वाडगं काढत असेल. तरीही शेजारच्या काकांचा सल्ला आणि हा निष्कर्ष समोरासमोर ठेवले, तर कोणता धोका पत्करायचा हे ठरवायला फार विचार करावा लागत नाही.

शरीराकडे मात्र आपण फार उशिरा पाहतो. आजवर शांत असलेलं प्रौढ कुत्रं अचानक राखायला लागलं तर ट्रेनरच्या आधी पशुवैद्य. दात, कान, सांधे, पोट यांचं दुखणं कुत्र्याला चिडकं करतं. लिंकन विद्यापीठाच्या डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं की वर्तनाच्या तक्रारीसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या प्राण्यांपैकी, कमीत कमी धरलं तरी, साधारण तिसऱ्या हिश्शात कुठलं तरी दुखणं सामील असतं. खाजेवर किंवा ॲलर्जीवर दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी भूक खवळते आणि खाण्याजवळचा आक्रमकपणा वाढू शकतो. गोळ्या सुरू झाल्यावर घरातलं वातावरण बदललं असेल तर डॉक्टरांना तसं सांगायला हवं. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

आपल्याकडच्या पुष्कळ घरांत आता रस्त्यावरून उचललेलं ‘इंडी’ पिल्लू असतं. त्याच्या पूर्वायुष्याबद्दल कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जे काम केलं आहे ते वाचण्यासारखं आहे. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या आहारात भात, पोळी, बिस्किटं असं पिठूळच जास्त, मांस क्वचित. मांसाचा वास आला की आधी ते, हा त्यांचा नियम. मनाबी पॉल यांच्या निरीक्षणांत तर पिल्लं मोठी होऊ लागल्यावर आईच त्यांच्याशी खाण्यावरून झगडताना दिसते. ज्या जगात आईसुद्धा घासासाठी भांडते, तिथून आलेल्या पिल्लाने तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चिकनच्या तुकड्यावर गुरगुरणं हा काही कृतघ्नपणा नाही. उलट बाजूही सांगायला हवी : अशी असंख्य कुत्री आपल्या हातून निवांत खातात. रस्त्यावरचं बालपण म्हणजे गुरगुर ठरलेलीच, असं नाही.

परिस्थितीचा वाटा किती मोठा असतो ते अमेरिकेतल्या श्वानगृहांच्या अनुभवावरून कळलं. तिथे कुत्रं दत्तक देण्यापूर्वी काठीला लावलेला रबरी हात त्याच्या वाडग्यात घालून पाहायची पद्धत रूढ होती. कुत्रं हाताला चावलं की त्याला घर मिळणं अवघड, अनेकदा थेट मृत्यू. ॲमी मार्डर यांच्या गटाने २०१३ मध्ये ही चाचणी झालेल्या ९७ कुत्र्यांचा दत्तक घरापर्यंत माग काढला. चाचणीत राखणाऱ्या २० पैकी ११ कुत्र्यांनीच घरी तसं केलं. आणि चाचणीत अगदी साधी वाटलेल्या ७७ पैकी १७ कुत्र्यांनी घरी गेल्यावर राखायला सुरुवात केली. त्याच सुमारास एएसपीसीए या संस्थेच्या अभ्यासकांनी चाचणीत राखणारी ९६ कुत्री, मालकांना वागण्याची पद्धत समजावून, घरोघरी दिली. पहिल्या तीन आठवड्यांत राखण्याचा प्रकार फक्त सहा कुत्र्यांबाबत कळवला गेला. पुढे काही श्वानगृहांनी ही चाचणीच बंद केली आणि त्यामुळे इजा वाढल्याचं दिसलं नाही. आपल्या घरी ‘बघू या, अजून गुरगुरतोय का’ म्हणून हात घालून पाहण्याची हौस असते, तिलाही हे लागू आहे.

उपायांबद्दल बोलायचं तर आधी घराची मांडणी. ट्रेनिंगचं वेड असलेले लोक हा भाग पळवाट समजतात. मला तो निम्म्याहून अधिक उपाय वाटतो. स्वयंपाकघराच्या दारात, येण्या-जाण्याच्या वाटेवर वाडगं ठेवलेलं असतं. कुत्र्याने दोन घास खाल्ले की कुणी फ्रिज उघडायला येतं, कामाच्या ताई फरशी पुसत जवळ येतात. वाडगं बाल्कनीत किंवा आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं, खाऊन कुत्रं बाहेर आल्यावर रिकामं वाडगं उचललं, की कितीतरी घरांतला प्रश्न उरतच नाही. दिवसभर भरलेलं वाडगं जमिनीवर राहणार नाही. मोजे, टिश्यू, मुलांची खेळणी, कचऱ्याचा डबा तोंडाला लागणार नाही असा. हाडूक फक्त बंद दाराआड. शिजवलेलं हाड फुटून आतड्यात टोचतं, ते तर कधीच नाही. घरात दोन कुत्री असतील तर दोन खोल्या. ‘त्यांचं ते बघून घेतील’ यावर विसंबलं की शेवटी टाके पडतात.

लहान मुलांच्या बाबतीत मांडणीला पर्यायच नाही. पेनसिल्व्हेनियाच्याच इलाना राइस्नर यांनी २००७ मध्ये मुलांना चावलेल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. सहा वर्षांखालच्या मुलांना झालेल्या चाव्यांमागचं सर्वांत मोठं कारण वस्तू किंवा खाणं राखणं हे होतं, ४४ टक्के. रांगणाऱ्या मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं, त्याला गुरगुर कळत नाही, आणि ते पडलेल्या बिस्किटाकडे कुत्र्याइतक्याच वेगाने जातं. ‘आमचा शेरू मुलांना काही करत नाही’ हे वाक्य अशा घरात कुणी उच्चारू नये. मधे फाटक हवं, आणि मुलाच्या खाण्याच्या वेळी कुत्रं फाटकापलीकडे.

मांडणी बसली की शिकवणं. तत्त्व सोपं आहे, धीर अवघड. माणूस जवळ येणं म्हणजे काहीतरी जाणार, ही कुत्र्याची अपेक्षा उलटी करायची : माणूस जवळ येणं म्हणजे काहीतरी चांगलं मिळणार. समजा माणूस पाच फुटांवर आला की कुत्रं ताठरतं. तर सुरुवात आठ-दहा फुटांवरून, जिथे ते सैल आहे. वाडग्यात नेहमीचं साधं खाणं असावं. तुम्ही त्या अंतरापर्यंत यायचं, उकडलेल्या चिकनचा तुकडा वाडग्यापाशी पडेल असा टाकायचा आणि निघून जायचं. निघून जाणं फार महत्त्वाचं, कारण कुत्र्याला नेमकं तेच हवं असतं. रोज थोडा वेळ. काही दिवसांनी तुमची चाहूल लागताच ते वाडग्यातून मान वर काढून, तोंड सैल सोडून तुमच्याकडे बघायला लागतं. तसं झालं तरच अर्धं पाऊल पुढे. ताठरलं तर तुम्ही घाई केली आहे, मागे जा.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. अंतर कमी करताना वाकायचं नाही. वाकायचं तेव्हा अंतर पुन्हा वाढवायचं. वाकणं माणसाला क्षुल्लक वाटतं, कुत्र्याला ते पाच पावलांइतकं मोठं वाटू शकतं. आईला चालतं म्हणून बाबांना चालेल असं नाही. प्रत्येक माणसाने सुरुवात लांबूनच करायची. साध्या खाण्यावर जमलं ते चिकन-भातावर मोडू शकतं, आणि हाडकावर कदाचित कधीच जमणार नाही. न जमू दे. हाडूक दाराआड द्यायचं आपण ठरवलंच आहे. शाकाहारी घरांत चिकन येत नाही; तिथे पनीर, चीज, चालत असेल तर उकडलेलं अंडं. कुत्र्याला ते वाडग्यातल्यापेक्षा चांगलं वाटलं म्हणजे झालं.

पळवलेल्या वस्तूंसाठी अदलाबदल. यात लोक एक लबाडी करतात : तुकडा दाखवून कुत्र्याला जवळ बोलावतात आणि ते आलं की वस्तू हिसकावतात. दोनदा फसलं की तिसऱ्यांदा कुत्रं तुकड्याकडे बघूनच पलंगाखाली पळतं. त्याऐवजी ‘सोड’ हा शब्द, तोंडात काहीच नसताना, जमिनीवर चार-पाच तुकडे विखरून टाकण्याशी जोडायचा. मग बिनमहत्त्वाच्या खेळण्यावर. कुत्रं वेचून खात असताना वस्तू उचलायची आणि शक्य असेल तर परत द्यायची. परत मिळतं हे कळलेलं कुत्रं सोडायला कचरत नाही. असा सराव नसताना गोळ्यांची स्ट्रिप तोंडात गेली, तर हात घालू नका. फ्रिज उघडा, दाराची बेल वाजवा, मूठभर खाऊ लांब उधळा. सोडलं तर ठीक, गिळलं तर पशुवैद्याला फोन.

सोफा आणि पलंग राखणाऱ्या कुत्र्याला ओढून खाली काढण्याऐवजी खाली उतरण्याचं बक्षीस द्यायचं. काही दिवस पट्ट्याला हलकी दोरी अडकवून ठेवली म्हणजे गळ्याशी हात न्यावा लागत नाही. माणूस राखणं जास्त नाजूक. बाईच्या मांडीवर बसलेलं छोटं कुत्रं नवऱ्यावर गुरगुरतं आणि सगळे हसतात, ‘किती जीव आहे बघा’. कुत्रं गुरगुरताच त्या बाईने न रागावता उठून जावं आणि नवरा लांब असताना, कुत्रं शांत असतानाच लाड करावेत. हसणं आधी बंद व्हायला हवं.

हे सगळं भीतीने होतं, असं आजकाल छातीठोक सांगितलं जातं. मला ते अर्धवट पटतं. काही कुत्री राखताना मुळीच घाबरलेली दिसत नाहीत. सराईतपणे, ठरवून दटावतात, कारण दटावून आजवर काम झालेलं असतं. सुदैवाने दोन्ही तऱ्हांना उपाय जवळजवळ एकच लागतो, त्यामुळे मनात नेमकं काय आहे हा वाद मिटेपर्यंत थांबायची गरज नाही.

मदत मागताना मात्र सावध राहावं. कुणीही ‘डॉग ट्रेनर’ अशी पाटी लावू शकतो. काटेरी पट्टा, विजेचा पट्टा किंवा ‘एका दिवसात सरळ करतो’ अशी भाषा आली की दार दाखवायचं. आधीच रक्त निघालं असेल, तर घरच्या घरी प्रयोग नकोत. वर्तनाचा अभ्यास असलेला पशुवैद्य शोधावा, तो गरजेप्रमाणे औषधही देतो. दरम्यान जाळीचं मुसकं वापरायला लाजू नये, फक्त त्याची सवय खाऊ देत-देत आधी लावलेली असावी. चावा घरच्या, लस दिलेल्या कुत्र्याचा असला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रेबीजच्या बाबतीत ओळखीपाळखीवर निभत नाही.

सोसायटीच्या आवारात खाऊ घालणाऱ्यांनाही यातलं थोडं उपयोगी आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, येण्या-जाण्याच्या दारांपासून लांब ठरवावी असं म्हटलं आहे. एकाच ढिगाऐवजी अंतरा-अंतराने वाढलं, संपेपर्यंत थांबलं आणि उरलेलं उचलून नेलं, तर राखायला काही उरत नाही. भांडणं आणि धावून जाणं दोन्ही कमी होतं.

आणि काही घरांत हे जमत नाही. चार खोल्यांत सात माणसं, दोन लहान मुलं, आळीपाळीने बाहेर असणारे मोठे. दार बंद ठेवणं तिथे रोजच्या रोज शक्य नसतं. कुत्रं खोलवर चावणारं असेल तर दुसरं, मुलं नसलेलं घर शोधण्यात कमीपणा नाही. पण ‘जागा लहान पडते’ असं खोटं कारण सांगून ते देऊ नये. कोणती वस्तू, किती अंतर, आधी कोणती खूण, तेव्हा जवळ कोण होतं, चाव्याची जखम किती खोल गेली, एवढं कागदावर लिहून नव्या माणसाच्या हातात द्यावं, आणि वाडगं उचलण्याआधी कुत्र्याला खोलीबाहेर बोलवायचं, हेही.